थॉर्नबीची एकसष्ट भाषणं

"परीक्षा तुझी आणि जेवायचं त्यांनी. ही कुठली परीक्षा म्हणायची गं?" खोबऱ्याची वाटी विस्तवावर भाजत आक्काताईंनी विचारलं.

निशा मटणाला हळद-मीठ चोळत होती. सासूला उत्तर द्यायला तिच्याकडं सवड नव्हती. विद्यापीठात पीएचडीची तोंडी परीक्षा असली, म्हणजे व्हायवा असला, की बाहेरगावच्या परीक्षकाला, गाइडला आणि विभागातल्या झाडून सगळ्या प्राध्यापकांना जेवू घालायचं ते विद्यार्थ्यानं. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. पण जेवणाशिवाय झालेला व्हायवा निशानं पाहिला नव्हता. तिचे गाइड इंगवले सर, त्यांच्या हाताखालच्या किती तरी विद्यार्थ्यांच्या पंगतीत तिनं पदर खोचून वाढलं होतं. जोतीराम पाटलाच्या वेळी त्याच्या आईनं गावाकडनं पांढरा रस्सा पाठवला होता. सर वाटीच तोंडाला लावून म्हणाले होते, "जोतीराम, प्रबंध पण असाच दाट झालाय. आईला सांग."

निशाची पाळी आली तेव्हा मात्र सर म्हणाले, "तू कशाला राबत बसतीस? हॉटेलातनं मागवू या की. त्या दिवशी तुझं डोकं शांत पाहिजे."

यात काळजी किती आणि दुसरं काही किती, हे तिला ठरवता आलं नाही. कांबळ्यांच्या घरात जन्मून कांबळ्यांच्याच घरात नांदायला आलेल्या बाईला असं ताडून बघणं नवं नव्हतं. जन्मभर ते चालतं आणि एकदाही खात्री होत नाही. "नको सर, घरचंच करते," एवढंच ती म्हणाली. मग सरही लगेच म्हणाले, "बेस्ट! मग सुकं जरा तिखट कर."

अतुल, तिचा नवरा, शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला होता. आज रजा टाकून तो उजाडताच मटणाच्या दुकानासमोर उभा राहिला होता. स्वयंपाक उरकल्यावर इस्त्रीचा शर्ट घालून त्यानं दारात रिक्षा लावून घेतली. रिक्षा त्याचा दोस्त गुंडूची. मागच्या सीटवर दोन मोठी पातेली, पुढं भाकरीची दुरडी, आणि मध्ये कुठं तरी उमेदवार बसणार होती.

"डॉक्टरीणबाई, चला की," अतुल ओरडला. "रस्सा थंड हुईल आन् परीक्षक गरम."

आक्काताई हसल्या. निशाला हसू आलं नाही. आपल्या प्रबंधाचं चौथं प्रकरण आज कोण उघडतंय आणि उघडल्यावर काय होतंय, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

*

राधानगरीकडच्या एका खेड्यात निशा वाढली. बाप पाटबंधारे खात्यात पहारेकरी. लग्नाआधी बी.ए. झालं, एम.ए. लग्नानंतर, मुलगा प्रसेनजीत रांगत असताना. पुढं पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायला लागली. म्हणजे जितके तास तितकंच मानधन, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. त्यातच तिनं पीएचडीला नाव घातलं. आठ वर्षं आक्काताईंनी चूल सांभाळली. शेजारणी म्हणायच्या, "सून कागदावर आणि सासू चुलीवर." आक्काताई म्हणायच्या, "असू दे. तुमच्या सुना कुठं हायत्या, मोबाईलवर न्हवं?"

आता शेवटची मुदतवाढ संपत आली होती. कॉलेजच्या सचिवांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, की जूनपासून पीएचडी नसलेल्यांना तासही मिळणार नाहीत. पदवी मिळाली तर कधी तरी कायम नोकरीची आशा. नाही मिळाली तर होतं तेही संपलं.

विषय सरांनीच दिलेला. एडवर्ड थॉर्नबी. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गिरणगावातून निवडून आलेला. डॉ. सयाजीराव इंगवले यांनी तरुणपणी त्याच्यावर 'हिंदुस्थानचा विसरलेला मित्र' नावाचा लेख लिहिला आणि तो गाजला. मग व्याख्यानं झाली, सत्कार झाले. कोल्हापुरातले लोक मायेनं त्यांना 'थॉर्नबी सर' म्हणू लागले. लेखाचा कणा एकच होता: थॉर्नबी पार्लमेंटात एकसष्ट वेळा बोलला, आणि त्यातलं जवळजवळ निम्मं हिंदुस्थानाबद्दल. निशानं ती एकसष्टही भाषणं वाचायची आणि त्यांचा अभ्यास मांडायचा.

काम दिसायला सोपं होतं. पार्लमेंटात कोण काय बोललं याचे जुने वृत्तांत आता इंटरनेटवर आहेत. सभासदाच्या नावावर बोट ठेवलं की कोणत्या साली किती वेळा तोंड उघडलं ते समोर येतं. कालवण शिजेपर्यंत एखादं भाषण, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये एखादं भाषण, असं करत निशा थॉर्नबीच्या मागं लागली. त्या काळचे वृत्तांत लिहिणारे भाषण जसंच्या तसं देत नसत. 'मिस्टर थॉर्नबी म्हणाले की' असं करून सारांश द्यायचे. सुरुवातीची भाषणं वाचून तिचा हिरमोड झाला. एक गटारांवर, एक कालव्यावर. एक तर सभागृहाच्या खिडक्या उन्हाळ्यात उघडाव्यात की नाही यावर. आणि मग एक दिवस ते भाषण सापडलं.

सत्तावन्नच्या बंडानंतर दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानांत काय चाललं आहे, यावरची चर्चा होती. मिस्टर थॉर्नबी उभे राहिले आणि म्हणाले, की ज्यांच्या जमिनीबद्दल, ज्यांच्या हत्यारांबद्दल, ज्यांच्या देवळांबद्दल आपण आज ठरवतो आहोत, त्यांतला एकही माणूस या सभागृहात नाही. आणि जे सभागृहात आहेत त्यांतले निम्मे झोपले आहेत. त्यांनी अध्यक्षांना विनंती केली, की निदान झोपलेल्यांनी मत देऊ नये असा नियम करावा.

निशानं हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि ते दुसऱ्यांदा वाचलं. अतुलला मराठीत करून सांगितलं. अतुल इतका खूश झाला, की फाउंड्रीच्या कॅन्टीनमध्ये युनियनच्या मीटिंगबद्दल बोलताना तो तेच वाक्य फेकायला लागला. "एका साहेबानं म्हटलंय," असं सुरुवातीला जोडून.

पुढची तीन वर्षं ती त्या भाषणावर जगली. प्रसेनजीतची कावीळ, कॉलेजचे कापलेले तास, अतुलच्या पायावर उडालेला लोखंडाचा रस, सगळं निभावताना मनात एक होतं, की आपण या माणसावर लिहितो आहोत.

मग ते कळलं.

त्या भाषणाच्या दिवसाचं वर्णन कुठल्या वर्तमानपत्रात आलंय का, म्हणून ती जुन्या इंग्रजी पेपरांत शोधत होती. सापडली ती वेगळीच बातमी. निवडणुकीत पडलेले मिस्टर एडवर्ड थॉर्नबी यांना त्यांच्या गिरणगावच्या लोकांनी चांदीचं तबक देऊन निरोप दिला. तारीख भाषणाच्या आधीची. जो माणूस निवडणूक हरून घरी बसला, तो पार्लमेंटात उभा राहून बोलणार कसा?

तिनं धरलेलं सूत सोडलं नाही. महिनाभरात उलगडा झाला. थॉर्नबी दोन होते. एडवर्ड पडला त्याच निवडणुकीत दक्षिणेकडच्या एका बंदराच्या गावातून हेन्री थॉर्नबी नावाचा माणूस निवडून आला. तो एकच मुदत सभागृहात होता. नंतर तो सभागृहातून गेला आणि एडवर्ड दुसरीकडून पुन्हा निवडून आला. वृत्तांत लिहिणाऱ्यांनी दोघांनाही नुसतं 'मिस्टर थॉर्नबी' लिहिलं होतं, आणि पुढं ज्यांनी नावांची जुळणी केली त्यांनी सगळी भाषणं एडवर्डच्या खात्यावर टाकली. एडवर्डची स्वतःची निघाली सतरा. गटार, कालवा, खिडक्या. हिंदुस्थानाबद्दल एकच, तेही तिथला कापूस इथं स्वस्तात कसा आणता येईल याबद्दल. बाकी सगळं हेन्रीचं. त्याचं चित्र नाही, चरित्र नाही, कबर कुठं ते माहीत नाही.

निशाला धक्का बसला तो थॉर्नबीचा नव्हे, स्वतःचा. तिच्या माहेरच्या आळीत सगळी घरं कांबळ्यांची. शाळेत मास्तर "कांबळे, उभी राहा" म्हणाले की चार पोरी उभ्या राहायच्या. बारावीचा तिचा निकाल दुसऱ्या निशा कांबळेच्या हातात पडला होता, आणि तीन दिवस ती आपण नापास झालो म्हणून रडली होती. अजूनही बँकेत गेली की कारकून विचारतो, "कुठल्या कांबळे?" एवढं असून तिला पाच वर्षांत एकदाही वाटलं नाही, की साहेबातही एका नावाचे दोन असतील. तिच्याकडं जुन्या पुलावरून जाताना माणसं सांगतात, इंग्रजानं बांधलाय, हलायचा न्हाय. त्यांच्या लिहिण्यावरही तिचा तसाच विश्वास होता. घोटाळे आपल्याकडं होतात, तिकडं नाही. सरांनाही हेच वाटलं असणार. पण सरांना निदान चार कांबळ्यांतली एक म्हणून कधी उभं राहावं लागलं नव्हतं.

*

ती सरांकडं गेली तेव्हा सर झोपाळ्यावर पेपर वाचत होते. वहिनींनी तिच्या हातात मेथीची जुडी दिली. सरांकडं आलेल्या विद्यार्थिनीनं बसल्या बसल्या काही तरी निवडायचं, सोलायचं, हे ठरलेलंच होतं. मेथी निवडता निवडता तिनं सांगितलं.

"हेन्री? कोण हेन्री?" सर म्हणाले.

"दुसरा थॉर्नबी, सर."

"अगं, त्या वेबसाइटवाल्यांची चूक असंल."

"चूकच आहे सर. पण उलटी. आपण ज्याला धरलं तो नाही, दुसरा."

सरांनी पेपरची घडी केली. रागावले नाहीत. उलट आवाज खाली आला. "हे बघ पोरी. तुझ्या नोंदणीच्या वेळी समितीत काय काय बोलणारी माणसं होती ते तुला सांगितलं न्हाय मी. हिला इंग्रजी झेपंल का, इथनं सुरुवात होती. मी भांडलो. आता शेवटाला येऊन घोळ घालू नकोस. थॉर्नबी म्हणजे थॉर्नबी."

"पण सर..."

"मेथी झाली का गं?" आतून वहिनींनी विचारलं.

समितीत सर भांडले होते हे खरं होतं. निशाला ते दुसरीकडून कळलं होतं. त्यामुळं घरी येऊन तिनं सरांच्या मनासारखं लिहायचा प्रयत्न केला. 'एडवर्ड थॉर्नबी यांच्या या भाषणातून' इथपर्यंत लिहायची आणि पुढचा शब्द यायचा नाही. असे आठवडेच्या आठवडे गेले. मग एकदा प्रसेनजीत शाळेत आणि आक्काताई दळणाला गेल्या असताना तिनं हेन्रीवर लिहायला घेतलं. ते आपसूक आलं. वर्तमानपत्रं, मतदानाच्या याद्या, निवडणुकीचे आकडे, सगळे पुरावे मांडून तिनं चौथं प्रकरण पुरं केलं. इतकं चांगलं तिनं आयुष्यात काही लिहिलं नव्हतं, आणि हे तिचं तिला कळत होतं.

प्रकरण तिनं सरांना मोबाईलवर पाठवलं. सरांनी अंगठा पाठवला. प्रबंधाला जोडायच्या गाइडच्या प्रमाणपत्रावर सही त्यांनी एका लग्नाच्या मांडवात केली, एका मुठीत अक्षता धरून. "सगळं बरोबर हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. "बघितलंत ना सर, चौथं?" ती म्हणाली. तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली.

सरांनी वाचलं नाही, हे तिला माहीत होतं. तरी तिनं प्रबंध दिला. कुणी तरी वाचेल अशी भीती होती, आणि खरं सांगायचं तर आशाही तीच होती.

*

विभागाच्या सभागृहात टेबलावर पांढरं कापड, फुलांचा गुच्छ, पाण्याच्या बाटल्या. परीक्षक डॉ. गणपतराव देशमाने मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आले होते. डोळे तांबारलेले, पण माणूस हसरा. सुरुवातीला त्यांनी आपला लेखी अहवाल वाचून दाखवला. "उमेदवारानं एडवर्ड थॉर्नबी यांच्या एकसष्ट भाषणांचा अत्यंत साक्षेपी अभ्यास केला असून..."

यांनीही वाचलं नव्हतं. अहवाल सरांच्या जुन्या लेखावरून उतरला होता.

म्हणजे आता काहीच करायचं नव्हतं. दोन प्रश्न, चार उत्तरं, टाळ्या, जेवण. चौथं प्रकरण काळ्या पुठ्ठ्याच्या आत, सोनेरी अक्षरांखाली, ग्रंथालयाच्या मांडणीवर शांत झोपून राहिलं असतं. खोटं बोलावं लागलं नसतं आणि पदवीही मिळाली असती.

"मॅडम," देशमाने म्हणाले, "एकसष्ट भाषणांमधलं सगळ्यांत महत्त्वाचं तुम्हाला कोणतं वाटतं?"

शेजारी बसलेल्या सरांनी हसून मान हलवली. सांग, ते झोपलेल्या सभासदांचं सांग. सोप्यात सोपा प्रश्न होता.

"ते एडवर्ड थॉर्नबी यांचं नाही," निशा म्हणाली.

आपण बोललो, हे तिला नंतर कळलं.

"म्हणजे?"

"एकसष्टांतली चव्वेचाळीस दुसऱ्या थॉर्नबींची आहेत. हेन्री थॉर्नबी. मी चौथ्या प्रकरणात मांडलंय सर."

देशमान्यांनी समोरची प्रत ओढली. पुठ्ठ्याची बांधणी पहिल्यांदाच उघडली जाताना कुरकुरते, तशी ती सगळ्या सभागृहाला ऐकू येईल इतकी कुरकुरली. त्यांनी पानं उलटली, थांबले, पुन्हा मागं गेले. हसरा चेहरा लाल होत गेला.

"इंगवले सर, हे तुम्ही वाचलंय?"

"वाचलंय की," सर म्हणाले. "म्हणजे, चर्चा झालती आमची."

"आणि तरी सही केलीत? मग माझ्या अहवालाचं काय करायचं? माझं हसं करायला बोलावलं का मला इथं?"

शेवटी विभागप्रमुख घड्याळाकडं बघत म्हणाले, "आपण आधी जेवून घेऊ या का? पोटात काही पडलं की डोकं चालतं."

*

आणि निशानं वाढलं. दुसरं कोण वाढणार होतं? शेजारच्या खोलीत बाकं जोडून पंगत मांडली होती. अतुल पातेल्यापाशी उभा होता. तिचा चेहरा बघून त्यानं हळूच विचारलं, "काय झालं?"

"बोलले मी."

"काय बोललीस?"

"चौथं प्रकरण."

"आयला," अतुल म्हणाला, आणि पळी तशीच धरून राहिला.

जेवण मात्र उतरलं होतं. देशमाने मान खाली घालून भुरके मारत होते. दोन भाकरी झाल्यावर स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, "हाताला चव आहे." सरांनीही पांढरा रस्सा दोनदा मागून घेतला, घाम पुसत पुसत खाल्ला. हॉटेलचं त्यांनी का सुचवलं होतं, हे निशाला आता तर मुळीच कळेना.

हात धुवायला सर बाहेर आले तेव्हा त्यांनी तिला नळापाशी गाठलं. "किती वर्षं हे सांगत आलोय मी, माहीत हाय?" त्यांनी खरकटे हात पुढं केले. "उद्या पेपरात येईल, इंगवल्यांचा थॉर्नबी खोटा. या वयात कुठं तोंड दाखवू? तूच सांग."

निशानं लोट्यानं त्यांच्या हातावर पाणी घातलं.

"देशमाने अहवालात 'पुनर्लेखन करावं' असा शेरा लिवणार म्हणतोय. मला काय, मी पेन्शनीत हाय. तुला मुदत हाय का पुनर्लेखनाला?"

"नाही सर."

"मग ऐक. मी त्याला समजावतो. आत गेल्यावर एकच वाक्य म्हणायचं: माझी शंका होती, सरांच्या मार्गदर्शनानं ती दूर झाली. बास. दुरुस्त प्रत महिन्याभरात द्यायची असतीच. त्यातनं चौथं काढून टाक. माझी अब्रू राहती, त्याचा अहवाल राहतो, तुझी पदवी राहती. कुणाचं काय बिघडलं?"

कुणाचं बिघडलं, हे सांगायला तिच्यापाशी एकच नाव होतं, आणि त्या माणसाचा फोटोही नव्हता.

सर गेल्यावर तिनं अतुलला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, इकडंतिकडं बघितलं.

"म्हण की मग. एक तर वाक्य हाय."

"अहो, ते भाषण त्याचं आहे."

"त्या बाबाला काय कळणार हाय का निशा? मरून दीडशे वर्षं झाली त्याला. हितं आपण जित्ती हाय." मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "आईनं सगळ्या आळीला सांगून ठेवलंय. पेढं आणून ठेवल्यात तिनं. मी काय तोंडानं घरात जाऊ?"

दोन माणसांनी अर्ध्या तासात तिला तोंड दाखवायचं विचारलं होतं. तिच्या तोंडाचं कुणी विचारलं नाही. तिनं ओढणीला हात पुसले. हाताला लसणाचा वास होता.

*

सगळे पुन्हा बसले. जेवल्यामुळं सभागृहात सुस्ती आली होती. निशा उभी राहिली. वाक्य तिनं नळापासून खुर्चीपर्यंत येताना घोकलं होतं. म्हटलं की संपलं, असं ती स्वतःला बजावत होती.

"माझी एक शंका होती," ती म्हणाली. "सरांच्या मार्गदर्शनानं ती दूर झाली."

सरांनी श्वास सोडला. पण देशमाने पक्का माणूस होता. त्यांनी पेन उघडलं. "असं मोघम नको. मला नोंदवायचं आहे. एकसष्टही भाषणं एडवर्ड थॉर्नबी यांचीच आहेत, असं आपलं मत आहे ना?"

हे ठरलेल्या वाक्यात नव्हतं. निशानं सरांकडं बघितलं. सर टेबलावरच्या फुलांकडं बघत होते. दाराशी अतुल उभा होता, कडक इस्त्रीच्या शर्टावर रश्श्याचा डाग घेऊन.

"मॅडम?"

हेन्री थॉर्नबीला अजून तिच्याशिवाय कुणी ओळखत नव्हतं, आणि ती जिभेला हलायला सांगत होती.

"होय, सर," ती म्हणाली.

टाळ्या झाल्या. शाल आली. देशमाने तिच्या हातात गुच्छ देत म्हणाले, "अभिनंदन, डॉक्टर कांबळे." पुन्हा हसरे झाले होते ते. सरांनी फोटोसाठी तिला शेजारी ओढलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर अतुल फोनवर ओरडत होता, "आई, झाली गं! झाली!" पलीकडून आक्काताईंचा आवाज इतका मोठा आला, की गुंडूनं रिक्षातून मान बाहेर काढली.

*

आळीत चार दिवस येणंजाणं चाललं. कुणी नारळ दिला, कुणी साडी. समाजमंदिरात सत्कार झाला. दारावर 'डॉ.' लिहिलेली पाटी अतुलनं स्वतः ठोकली. निशा सगळ्यांशी हसून बोलली. जेवण मात्र तिला जाईना.

दुरुस्त प्रतीची मुदत जवळ आली तसा सरांचा फोन आला. "काढलंस का?" "आज काढते," ती म्हणाली.

दुपारी तिनं लॅपटॉप उघडला. चौथं प्रकरण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत निळं केलं. वेगळं जपून ठेवू, नोकरी कायम झाली की लेख करू, असं अतुल म्हणाला होता. पण कायम नोकरीच्या मुलाखतीत समोर कोण बसतं हे तिला माहीत होतं. सर नसतील तर सरांचे विद्यार्थी असतील. आणि लेख आला की कुणी तरी विचारेलच, बाई, व्हायवाला तर तुम्ही होय म्हणालात. जपून ठेवायचं कशासाठी? तिनं बटण दाबलं.

काहीही झालं नाही. पाचवं प्रकरण वर सरकलं आणि आपोआप चौथं झालं. पानांचे आकडे बदलले. अनुक्रमणिका नीट बसली. काही गेलंय असं कुठंही दिसत नव्हतं.

फक्त तिसऱ्याचा शेवट आणि नव्या चौथ्याची सुरुवात जुळत नव्हती. मध्ये एखादा परिच्छेद घालणं भाग होतं. तिनं लिहायला घेतलं. 'एडवर्ड थॉर्नबी यांच्या या भाषणातून...' इथवर आली आणि सवयीनं थांबली. मागं याच जागी तिचे आठवडे अडले होते. आताही अडेल, या भरवशावरच ती थांबली असावी.

पण पुढचा शब्द आला. त्याच्यामागून दुसरा आला. एडवर्डची तळमळ, एडवर्डचं धाडस, झोपलेल्या सभागृहासमोर एकट्यानं उभं राहणं. परिच्छेद एका दमात झाला. तिनं तो वाचून बघितला. चांगला उतरला होता. गेलेल्या प्रकरणाइतका चांगला.

आक्काताई दार ढकलून आत आल्या तेव्हा सून भिंतीला डोकं टेकून बसली होती. हुंदका नव्हता, नुसतं पाणी वाहत होतं.

"अगं बया, का रडतीस?" आक्काताई तिच्याजवळ खाली बसल्या. पदरानं त्यांनी तिचं तोंड पुसलं. "डाक्टर झालीस की आता."